पिल्लू घरी नेण्यापूर्वी : रक्ताचा एक थेंब

सावित्रीच्या खाडीकाठचे दासगाव तुमच्यापैकी पुष्कळांनी मुंबई–गोवा महामार्गावरून जाताना पाहिले असेल. एके काळी येथे मुंबईहून बोटी येत आणि उतारू बंदरात उतरून महाडकडे जात. आज आपण या गावातून बाहेर जाणाऱ्या एका वेगळ्याच उतारूचा विचार करणार आहोत. पाऊस ओसरला की दिवाळीच्या सुमारास आणि पुढे थंडीत गावोगावी कुत्र्या वितात. दीड-दोन महिन्यांनी कोणी पाहुणा येतो, एक गुबगुबीत पिल्लू पसंत करतो आणि पिशवीत घालून पनवेलला किंवा मुंबईला घेऊन जातो. पिल्लू खेळते आहे, दूध पिते आहे, म्हणजे ते निरोगी आहे असे सगळे धरून चालतात. पण ते खरोखरच तसे आहे काय?

पिल्लाचे गुबगुबीत पोट फसवे असते. त्यात पुष्कळदा जंत असतात आणि त्यांपैकी अंकुशकृमी हा सर्वांत घातक. तो आतड्याच्या अस्तराला दात रोवून रक्त शोषतो. आईच्या शरीरात सुप्तावस्थेत राहिलेल्या याच्या अळ्या दुधातून पिल्लाच्या पोटात जातात. म्हणजे जमिनीला पाय लागण्याआधीच लागण झालेली असते! आता थोडा हिशेब करू. कुत्र्याच्या शरीरात वजनाच्या दर किलोग्रॅममागे सुमारे ८५ मिलिलिटर रक्त असते. एक अंकुशकृमी दिवसाला साधारण ०.१ मिलिलिटर रक्ताची हानी करतो असे धरा. एक किलो वजनाच्या पिल्लाच्या आतड्यात असे १०० कृमी असतील, तर रोज १० मिलिलिटर, म्हणजे एकूण रक्ताचा जवळजवळ आठवा हिस्सा जातो. हाडांतील मगज नवीन पेशी बनवीत असतो, पण या वेगाला तो किती दिवस पुरा पडणार?

येथे कोणी विचारील, मग विष्ठा तपासली म्हणजे झाले, रक्त कशाला? प्रश्न रास्त आहे. विष्ठा तपासावीच. परंतु कृमी वाढून अंडी घालू लागेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात आणि रक्त शोषणे त्याआधीच सुरू झालेले असते. त्या मुदतीत विष्ठेत अंडे दिसत नाही, पण रक्त मात्र खरे ते सांगते.

ते कसे? पशुवैद्य पिल्लाच्या मानेच्या शिरेतून एखादा मिलिलिटर रक्त घेतात. त्यातील थोडे केसासारख्या बारीक काचनळीत भरून ती नळी यंत्रात वेगाने फिरवतात. जड तांबड्या पेशी एका टोकाला दाबून बसतात, त्यांच्यावर पांढऱ्या पेशींचा पातळ थर येतो आणि वर पिवळसर रक्तद्रव राहतो. तांबड्या थराची उंची मोजली की रक्तात त्या पेशींचे शेकडा प्रमाण किती ते कळते. मोठ्या कुत्र्यात ते साधारण ३७ ते ५५ असते. मात्र हाच आकडा पिल्लाला लावाल तर फसाल. जन्मानंतर हे प्रमाण आपोआप उतरते आणि चार ते सहा आठवड्यांच्या निरोगी पिल्लातही ते तिशीच्या आसपास येते. म्हणून ३० हा आकडा पिल्लाच्या बाबतीत काळजीचा नाही, १५ आहे. कोणतेही मोजमाप कोणाशी ताडून पाहायचे, हे मोजण्याइतकेच महत्त्वाचे असते.

रक्ताचा दुसरा उपयोग काचपट्टीवर होतो. कोकणच्या दमट हवेत गोचिडांना तोटा नाही. कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यांत त्या चिकटलेल्या असतात. त्यांच्या चाव्यातून बबेसिया नावाचा एकपेशीय परजीवी रक्तात शिरतो, तांबड्या पेशीत घर करतो, तेथे वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. पिल्लू मलूल होते, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी लघवी गडद तांबूस होते. या परजीवीची एक जात प्रथम ओळखली गेली ती आपल्याच देशात. पॅटन या शास्त्रज्ञाने १९१० साली मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तातून तिचे वर्णन केले आणि पुढे ती कोल्ह्याच्या रक्तातही सापडली. बबेसिया गिब्सोनी हे तिचे नाव. कुत्र्याची तांबडी पेशी सुमारे ७ मायक्रॉन रुंदीची, तर हा परजीवी १ ते ३ मायक्रॉनचा, बहुधा लहानशा अंगठीसारखा दिसतो. कानाच्या कडेचा एक थेंब काचपट्टीवर पसरून, जिम्सा रंगद्रव्याने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो सापडू शकतो.

‘सापडू शकतो’ असे जपून म्हटले, कारण परजीवींची संख्या कमी असेल तर शंभर पेशी पाहूनही एक दिसणार नाही. काचपट्टी स्वच्छ दिसली म्हणजे पिल्लू निर्दोष ठरत नाही. शंका राहिली तर परजीवीचे जनुकद्रव्य हुडकणारी अधिक सूक्ष्म चाचणी प्रयोगशाळेत करून घेता येते. विशेष म्हणजे, बबेसिया गिब्सोनी आईकडून गर्भातच पिल्लाला लागू शकतो. तेव्हा अंगावर एकही गोचीड नसलेले पिल्लूसुद्धा तो घेऊन नव्या घरी जाऊ शकते, आणि तेथे गोचिडी असतील तर त्या घरच्या जुन्या कुत्र्यालाही धोका पोचतो.

तिसरी चाचणी प्रतिद्रव्यांची. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या पार्व्हो विषाणूने तेव्हापासून असंख्य पिल्ले रक्ताच्या हगवणीने मारली आहेत. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिद्रव्ये पिल्लाचे रक्षण करतात, पण गंमत अशी की तीच प्रतिद्रव्ये लसही निष्फळ करतात! त्यांचे प्रमाण दर नऊ-दहा दिवसांनी निम्मे होते. आता हे उदाहरण वहीत सोडवा. समजा, ४२ व्या दिवशी एका पिल्लाची पातळी ३२० व दुसऱ्याची ८० आहे. हिशेबासाठी असे धरा की, पातळी ८० च्या खाली गेली की रक्षण संपते आणि २० वर आली की लस लागू पडते. दहा दिवसांना निम्मे, या हिशेबाने पहिल्याला लस ८२ व्या दिवशी लागेल, दुसऱ्याला ६२ व्या. शिवाय दोघांच्याही बाबतीत ८० पासून २० पर्यंत उतरण्याचे २० दिवस असे जातील की रक्षणही नाही आणि लसही लागत नाही. एकदा टोचले म्हणजे झाले असे न मानता दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, १६ आठवड्यांचे वय होईपर्यंत मात्रा का देतात, हे आता ध्यानात येईल. दुसऱ्याचे पिल्लू आठ आठवड्यांनी तुमच्या घरी येते, ते नेमके या पोकळीत.

काही जातिवंत कुत्र्यांत जन्मजात दोषही शोधतात. आयरिश वुल्फहाउंड व केर्न टेरियर यांच्या काही पिल्लांत आतड्यांकडून येणारे रक्त यकृताला वळसा घालून जाते. जेवणानंतर रक्तातील पित्ताम्ले मोजली की हा दोष उघड होतो. म्हणून परदेशांतील कित्येक पैदासकार पिल्लू देण्यापूर्वीच ही तपासणी करून घेतात. आपल्या गावठी पिल्लांना तिची सहसा गरज पडत नाही.

एक गोष्ट मात्र रक्त सांगू शकत नाही, ती म्हणजे पिसाळी. रेबीजचा विषाणू चावल्या जागेपासून मज्जातंतूंतून मेंदूकडे जातो. जिवंत पिल्लाच्या रक्ताची तपासणी करून ‘याला रेबीज नाही’ असे कोणालाही लिहून देता येत नाही. त्यासाठी तीन महिन्यांच्या वयानंतर लस टोचणे हाच उपाय. पिल्लू कितीही लहान असो, त्याचा दात लागून रक्त आले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. घरी दडवून ठेवू नये.

भारत सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार पैदासकाराला आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. फुकट दिलेल्या पिल्लालाही हीच मुदत पाळलेली बरी. एवढ्या अवधीत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याला नेऊन आणणे काही कठीण नाही. जंताचे औषध कधी दिले, कोणती लस कोणत्या तारखेला टोचली आणि रक्तात काय आढळले, हे एका कागदावर लिहून पिल्लाबरोबर द्यावे.

शिक्षकांसाठी एक सूचना. पिल्लाचे रक्त वर्गात काढण्याचा उद्योग कोणीही करू नये, ते पशुवैद्याचे काम. मात्र मुंबईच्या परळ येथील १८८६ साली स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेकडे, किंवा जवळच्या पशुवैद्याकडे, रंगवलेली जुनी काचपट्टी मागून पाहावी. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाला तेलातून पाहण्याचे शंभरपटीचे भिंग असेल तर पेशीतील अंगठी मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी शोधता येईल. ती काचपट्टीच्या पातळ कडेला, जेथे पेशी एकमेकींवर चढलेल्या नसतात तेथे शोधावी.