गोल्फचा पहिला पूर्ण राउंड खेळण्याआधी: सराव किती, खर्च किती

गोल्फची हौस आली की बरेच जण थेट कोर्सच गाठतात. ओळखीतला एखादा सभासद ‘रविवारी ये’ म्हणतो आणि सकाळी साडेसहाला आपण पहिल्या टीवर उभे असतो. माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण १८ होलसाठी पैसे भरण्याआधी सराव करावाच. मात्र तो सहा महिने लांबवू नये आणि त्यातला मोठा वाटा ड्रायव्हरने लांब चेंडू मारण्यात तर अजिबात घालवू नये.

आधी पैशांचं बोलू. दर क्लबप्रमाणे बदलतात, शनिवार-रविवारी चढे असतात, पाहुण्यांसाठी आणखी वेगळे. म्हणून खालचे आकडे हिशेब मांडण्यापुरते धरा आणि त्या जागी तुमच्या क्लबचे दर घाला. समजा, सुट्टीच्या दिवशी १८ होलची ग्रीन फी २,५०० रुपये, कॅडीचे ६००, भाड्याच्या सेटचे ८०० आणि झाडीत किंवा तळ्यात गेलेले आठ चेंडू, १०० रुपयांचा एक, म्हणजे आणखी ८००. एकूण ४,७०० रुपये. नवखा माणूस एका राउंडमध्ये १४० फटके मारतो असं धरलं, तर एक फटका जवळपास ३४ रुपयांना पडला. आता ड्रायव्हिंग रेंजवर ५० चेंडूंची बकेट ३०० रुपयांना असेल, तर तिथला फटका सहा रुपयांचा. अर्ध्या तासाची शिकवणी ७०० रुपयांची धरली, तर त्या एका राउंडच्या पैशांत चार शिकवण्या आणि सहा बकेट होतात. तेही १०० रुपये उरवून.

आणि कोर्सवरचे ते १४० फटके सरावाचे नसतातच. चेंडू हरवला की नियमाप्रमाणे शोधायला तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात सापडला नाही, तर एका फटक्याचा दंड घेऊन आधीच्या जागेवरून पुन्हा मारायचं. मागच्या टीवर चौघं खोळंबलेले असतात. त्या दडपणाखाली हात आणखी आखडतात, चूक काय झाली ते कळत नाही आणि चार-साडेचार तासांनी माणूस थकून, खट्टू होऊन घरी जातो. गोल्फ सोडून दिलेले कितीतरी जण असल्याच एका सकाळी सुटलेले असतात, याचं मला फार वाईट वाटतं.

रेंजवर पहिले काही दिवस सात नंबरचं आयर्न पुरेसं आहे. मॅटबद्दल मात्र सावध राहा. चेंडूच्या दोन बोटं मागे क्लब आपटला तरी मॅटवरून तो घसरत पुढे जातो, चेंडू उडतो आणि फटका बरा बसला असं वाटतं. तोच फटका गवतावर मारला, तर क्लब मातीत रुततो, ढेकूळ उडतं आणि चेंडू चार हात सरकतो. रेंजवर गवताचा पट्टा असेल, तर निदान शेवटचे दहा चेंडू तिथून मारा. नसेल, तर आवाज ऐका. आधी मॅटवर ‘धप्’ आणि मग चेंडू, असा क्रम असेल तर क्लब मागे लागतोय.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित सराव म्हणजे पटिंग. पार ७२ च्या कोर्समध्ये दर होलला दोन, असे ३६ पट गृहीत धरलेले असतात, म्हणजे निम्मा खेळ. ड्रायव्हर मात्र साधारण १४ वेळाच हातात येतो, कारण छोट्या पार-३ होलवर त्याचं काम नसतं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, तेव्हा लांब फटक्यांत ती बऱ्याच जणींच्या मागे होती. पदकाच्या उंबरठ्यापर्यंत तिला पटरने नेलं. बऱ्याच ठिकाणी पटिंग ग्रीनचे वेगळे पैसे लागत नाहीत. बकेट संपल्यावर अर्धा तास तिथे घालवा. दहा पावलांवरून तीन पटमध्ये चेंडू आत जाऊ लागला की पुष्कळ झालं.

मग कोर्सवर कधी उतरायचं? सात नंबरने दहापैकी सहा-सात चेंडू हवेत उठून समोर जात असतील आणि ग्रीनच्या कडेवरून चेंडू ग्रीनवर टाकता येत असेल, तर निघा. त्यापुढे रेंजवर रेंगाळण्यात अर्थ नाही. उतारावर उभं राहणं, रफमधून मारणं, बंकरमधून बाहेर येणं, एकच चेंडू आणि एकच संधी हे सगळं कोर्सवरच शिकायला मिळतं. पण पहिला राउंड नऊ होलचाच घ्या, तोही आठवड्यातल्या एखाद्या निवांत दुपारी, सर्वांत पुढच्या टीवरून. पारच्या दुप्पट फटके झाले की चेंडू उचलून पुढच्या होलकडे चला. मित्रांच्या खेळात यात काहीच गैर नाही, आणि मागच्यांचा खोळंबाही होत नाही. पावसाळ्यात रफ वाढलेली असते, ओल्या मातीत चेंडू रुतून दिसेनासा होतो. शक्य असेल तर सुरुवात दिवाळीनंतर करा.

सेट विकत घ्यायची घाई नको. नियमाने १४ पेक्षा जास्त क्लब नेता येत नाहीत, कमी चालतात. दोन आयर्न, एक वेज, पटर एवढ्यावर पहिले महिने निभतं आणि तेही वापरलेले घेतले तरी चालतात. पैसे घालायचेच तर हातमोज्यावर घाला. उजव्या हाताने खेळणाऱ्याला तो डाव्या हाताचा लागतो. चेंडू महागडे नकोत, साफ करून विकलेले जुने भरपूर मिळतात.

कोर्स कुठला, हेही आधीच पाहून ठेवा. खारघरच्या सिडकोच्या कोर्सवर सभासद नसलेल्यांनाही शुल्क भरून खेळता येतं. खासगी क्लबमध्ये बहुधा सभासदाबरोबरच जावं लागतं, आणि काही ठिकाणी हँडिकॅपचा दाखला किंवा क्लबच्या प्रशिक्षकाची परवानगी मागतात. फोन कराल तेव्हा विचारा: दरात जीएसटी धरलाय का, कॅडी घ्यावाच लागतो का आणि त्याचे पैसे रोख द्यायचे का, सेट भाड्याने मिळतो का, जीन्स आणि बिनकॉलरचा टी-शर्ट चालतो का. बऱ्याच ठिकाणी चालत नाही. सोमवारी जायचं ठरवत असाल, तर कोर्स उघडा आहे ना, हेही विचारून घ्या. बरेच कोर्स त्या दिवशी देखभालीसाठी बंद असतात.