मॅक्रे यांची पलटण

एडिंबरो ही स्कॉटलंडची राजधानी. या नगरात हेमार्केट नावाचा एक गजबजलेला चौक आहे. शेजारी आगगाडीचे स्थानक, समोरून ट्रामगाड्यांची ये-जा, पादचाऱ्यांची लगबग. आणि या साऱ्या धांदलीत शांतपणे उभा असलेला दगडी बांधणीचा एक घड्याळाचा मनोरा. परक्या प्रवाशाला वाटते, लोकांना वेळ कळावी एवढ्यासाठीच तो उभारला असावा. परंतु दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात एका रविवारी सकाळी या मनोऱ्याभोवती नागरिकांची दाटी होते. गळ्याभोवती गडद तांबडे गळपट्टे गुंडाळलेली तरुण मुले आणि छातीवर आजोबा-पणजोबांची पदके लावलेले वृद्ध शेजारी शेजारी उभे राहतात. काही क्षण कोणी बोलत नाही. ज्यांच्यासाठी हे मौन पाळले जाते, त्यांपैकी कित्येकांना त्यांच्या हयातीत हे नगर ओळखत होते ते शिपाई म्हणून नव्हे, तर फुटबॉलचे खेळाडू म्हणून.

ही कथा १९१४ सालच्या शरद ऋतूत सुरू होते. ऑगस्ट महिन्याच्या ४ तारखेस ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच सुमारास स्कॉटलंडमधील फुटबॉलचा हंगाम सुरू झाला, आणि एडिंबरोचा ‘हार्ट ऑफ मिडलोथियन’ हा संघ एकामागून एक सामने जिंकू लागला. आठ सामने झाले, आठही जिंकले. यंदाचे अजिंक्यपद आपल्याच नगरात येणार, अशी एडिंबरोकरांची खात्री झाली.

परंतु त्या वर्षी विजयाचा आनंद निर्भेळ नव्हता. फ्रान्समधून रोज मृतांच्या याद्या येत होत्या. धडधाकट तरुणांनी चेंडूमागे धावत राहावे आणि हजारो लोकांनी ते पाहत बसावे, हे कित्येकांस अशोभनीय वाटू लागले. वर्तमानपत्रांत टीकेची पत्रे येऊ लागली. त्या काळी त्या देशात भ्याड मनुष्यास पांढरे पीस देऊन हिणविण्याची चाल होती. एका पत्रलेखिकेने तर संघाच्या नावातच ‘पांढरी पिसे’ हे शब्द घालावेत, असे सुचविले. हा आरोप न्याय्य नव्हता. घोड्यांच्या शर्यती चालूच होत्या, नाटकगृहेही उघडी होती. दोष मात्र कष्टकऱ्यांच्या खेळाला दिला जात होता. शिवाय या संघातील काही खेळाडू तोवर सैन्यात दाखलही झाले होते. तथापि टोमणा वर्मी लागला.

याच वेळी सर जॉर्ज मॅक्रे हे गृहस्थ पुढे आले. मॅक्रे यांचे बालपण दारिद्र्यात गेले होते. कापडाच्या आणि टोप्यांच्या व्यापारात त्यांनी स्वतःच्या हिमतीवर नाव कमावले, नगराचा कारभार पाहिला, आणि पुढे ते पार्लमेंटचे सभासदही झाले. १९१४ साली त्यांचे वय चौपन्न वर्षांचे होते. या वयात घरी स्वस्थ बसले असते तर त्यांना कोणी बोल लावला नसता. परंतु आपण एक नवी पलटण उभी करू आणि ती घेऊन स्वतः रणांगणावर जाऊ, असे त्यांनी जाहीर केले. या दुसऱ्या वाक्यामुळे लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला. दुसऱ्यास मरणाच्या तोंडी जाण्यास सांगणारे त्या दिवसांत पुष्कळ होते. चला, मी येतो, असे म्हणणारे थोडे.

१९१४ सालच्या नोव्हेंबरच्या २५ तारखेस हार्ट ऑफ मिडलोथियनच्या अकरा खेळाडूंनी मॅक्रे यांच्या पलटणीत आपली नावे नोंदविली. मैदानावर उतरतो तेवढाच हा आकडा! त्यांच्या पाठोपाठ आणखी काही सहकारी आले. ही वार्ता नगरात पसरताच संघाचे चाहते शेकड्यांनी नावे नोंदवू लागले. ज्या खेळाडूंसाठी आपण दर शनिवारी घसा कोरडा करतो, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून चालावयास मिळणार, याचे तरुणांना मोठे आकर्षण वाटले. फॉकर्क, रेथ रोव्हर्स, डनफर्मलिन या संघांचे खेळाडू आले. एडिंबरोतीलच हिबर्नियन या प्रतिस्पर्धी संघाचे लोकही आले. कारकून, विद्यार्थी, कामगार, दुकानदार एका रांगेत उभे राहिले. पुरते दोन आठवडे होण्यापूर्वीच पलटण भरली. ‘रॉयल स्कॉट्स’ या जुन्या पायदळाची ही सोळावी पलटण होय. परंतु लोकांच्या तोंडी तिचे नाव ‘मॅक्रे यांची पलटण’ असेच राहिले.

खेळाडू शिपाई झाले, तरी हंगाम अर्ध्यावर सोडता येत नव्हता. आठवडाभर कवायत आणि शनिवारी सामना, असा क्रम सुरू झाला. कधी रात्रभर कूच करून दुसऱ्या दिवशी दुपारी मैदानावर उतरावे लागे. रोगप्रतिबंधक लस टोचल्यामुळे अंगात कणकण असे. पाय सुजलेले असत. तरीही हंगामाचा बहुतेक काळ हा संघ सर्वांच्या पुढे होता. अखेरच्या काही सामन्यांत मात्र शरीराने साथ दिली नाही. १९१५ सालच्या वसंतात अजिंक्यपद ग्लासगोच्या सेल्टिक संघाकडे गेले. अंतर अवघ्या चार गुणांचे. संघासाठी सर्वांत अधिक गोल करणाऱ्यांपैकी टॉम ग्रेसी हा खेळाडू त्याच काळात रक्ताच्या कर्करोगाने ग्रासला होता. १९१५ सालच्या ऑक्टोबरात तो वारला. त्याला रणांगण पाहावयास मिळाले नाही, परंतु पलटणीच्या मृतांत त्याचे नाव आदराने घेतले जाते.

१९१५ सालच्या जून महिन्यात पलटणीने एडिंबरो सोडले, आणि १९१६ सालच्या जानेवारीत ती फ्रान्समध्ये पोहोचली. मॅक्रे यांनी आपला शब्द पाळला. तेही तिच्याबरोबर होते. तेथील युद्ध पोवाड्यांतल्या युद्धासारखे नव्हते. घोडदौड नव्हती, तलवारीचा खणखणाट नव्हता. चिखलाने भरलेले खंदक, समोर काटेरी तारांचे जाळे, पलीकडे शत्रूचे खंदक. आणि मधल्या ओसाड पट्ट्यात डोके वर काढील तो मरेल, असा महिनोन्‌महिन्यांचा वेढा होता.

ही कोंडी फोडण्यासाठी सोम नदीच्या खोऱ्यात मोठा हल्ला करण्याचे ठरले. एक आठवडाभर ब्रिटिश तोफा अहोरात्र आग ओकत होत्या. एवढ्या माऱ्यात शत्रूचे खंदक उद्ध्वस्त होतील, तारा तुटतील, आणि पायदळास फक्त चालत जाऊन जागा ताब्यात घ्यावी लागेल, असा सेनापतींचा अंदाज होता. तो साफ चुकला. जर्मन सैनिक खडूच्या मऊ खडकात खोल खणलेल्या तळघरांत सुरक्षित होते, आणि पुष्कळ ठिकाणी तारा जशाच्या तशा होत्या.

१९१६ सालच्या जुलै महिन्याची पहिली तारीख. सकाळ स्वच्छ होती. साडेसातला दोन मिनिटे असताना ला ब्वासेल या खेड्याजवळ प्रचंड सुरुंग उडाला. त्याने जमिनीत पाडलेला सुमारे ३०० फूट रुंदीचा खड्डा आजही तेथे पाहावयास मिळतो. साडेसात वाजता शिट्ट्या झाल्या आणि पायदळ खंदकांबाहेर पडले. एडिंबरोचीच पंधरावी पलटण पुढे होती. तिच्या मागोमाग मॅक्रे यांची सोळावी. तोफांचा मारा पुढे सरकताच जर्मन सैनिक तळघरांतून वर आले आणि त्यांनी आपल्या मशीनगन रोखल्या. उघड्या उतारावर आडोसा असा नव्हताच. शेजाऱ्यांच्या रांगा कापलेल्या पिकासारख्या आडव्या होत असता जे उभे राहिले, ते चालत राहिले.

त्या दिवशी पलटणीपुढे कोंताल्मेझों हे खेडे काबीज करण्याचे काम होते. सोळाव्या पलटणीतील मूठभर शिपाई खरोखरच त्या खेड्यापर्यंत जाऊन भिडले. तेथून परत सांगण्यास फार थोडे आले. ते खेडे ब्रिटिश सैन्याच्या हाती लागण्यास पुढे जुलैची १० तारीख उजाडली. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,२४० लोक ठार झाले आणि जखमी, बेपत्ता धरून हानीचा आकडा ५७,४७० वर गेला. मॅक्रे यांच्या पलटणीतील निम्म्याहून अधिक माणसे कामास आली किंवा जखमी झाली. हॅरी वॉटी, डंकन करी व अर्नेस्ट एलिस हे हार्ट ऑफ मिडलोथियनचे तीन खेळाडू त्याच सकाळी पडले. त्यांची नावे तिएपव्हाल येथील स्मारकावर कोरलेली आहेत. ज्यांना ओळखीची कबर लाभली नाही, अशा ७२,००० हून अधिक सैनिकांच्या नावांसाठी ते स्मारक उभारलेले आहे.

पुढील महिन्यात जेम्स बॉइड पडला. सैन्याच्या इतर पलटणींत गेलेले जेम्स स्पीडी आणि जॉन अॅलन हेही परतले नाहीत. अशा रीतीने या एका संघाने सात खेळाडू गमावले. जे जगले त्यांची कहाणी वेगळ्या तऱ्हेने दुःखद आहे. पॅडी क्रॉसन या खेळाडूच्या पायाला जबर जखम झाली. पाय कापण्याचे ठरले असता बंदी झालेल्या एका जर्मन शस्त्रवैद्याने तो वाचविला, अशी हकीकत सांगितली जाते. क्रॉसन पुन्हा मैदानात उतरलाही. परंतु विषारी वायूने त्याची फुप्फुसे जाळली होती, आणि १९३३ साली त्यानेच त्याचा अंत झाला. त्याचे नाव कोणत्याही दिवसाच्या मृतांच्या यादीत नाही. पण त्याला युद्धानेच मारले, यात शंका ती काय?

मॅक्रे यांची प्रकृतीही खालावली आणि १९१६ सालच्या अखेरीस त्यांना पलटण सोडावी लागली. १९१८ साली ती पलटणच मोडण्यात आली. १९२८ साली मॅक्रे निवर्तले, तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेस एडिंबरोचे रस्ते माणसांनी भरून गेले होते.

हेमार्केटचा मनोरा १९२२ सालच्या एप्रिलच्या ९ तारखेस उघडण्यात आला. संघाने तो नगरास अर्पण केला. तथापि पलटणीतील जिवंत राहिलेल्यांची आणखी एक इच्छा होती. ज्या खेड्यासाठी आपले सोबती पडले, तेथे, कोंताल्मेझोंमध्ये, दगडांची एक रास उभारावी, असा विचार युद्ध संपताच निघाला होता. स्कॉटलंडमध्ये मृतांच्या स्मरणार्थ अशी रास रचण्याची पुरातन चाल आहे. आपल्याकडे गावाच्या वेशीवर वीरगळ असतो, तशातलाच हा प्रकार. परंतु पैसा जमला नाही. वर्षे गेली, दुसरे महायुद्ध येऊन गेले, इच्छा धरणारे सारेच काळाच्या पडद्याआड गेले. हा संकल्प पूर्ण होण्यास २००४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी नोव्हेंबरात, लोकवर्गणीतून, स्कॉटलंडहून नेलेल्या दगडांनी आणि स्कॉटलंडच्याच गवंड्यांच्या हातांनी ती रास कोंताल्मेझोंमध्ये उभी राहिली. तेव्हापासून दर जुलैच्या पहिल्या तारखेस लोक एडिंबरोहून तेथे जातात, आणि खेड्यातील फ्रेंच गावकरी त्यांच्याबरोबर उभे राहतात.

हेमार्केटच्या मनोऱ्यालाही एकदा जागा सोडावी लागली. ट्रामचा नवा मार्ग घालण्यासाठी २००९ साली त्याचे दगड उतरवून ठेवण्यात आले. चार वर्षे चौक रिकामा होता. २०१३ साली ते दगड पुन्हा रचून मनोरा उभा करण्यात आला, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात गळपट्टे घातलेली माणसे पुन्हा त्याच्याभोवती येऊन उभी राहिली.