पाणथळीच्या काठी माहितीगृह

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम होतो. तेथे नांदूर मध्यमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत एक बंधारा बांधण्यात आला. त्यातून निघणाऱ्या कालव्यांनी शेतीस पाणी द्यावे, एवढाच त्याचा हेतू होता. परंतु नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे साचत गेला. पाणी उथळ झाले, लहान बेटे वर आली, पाणकणीस व लव्हाळा यांची दाटी झाली, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या बदकांना व चिखलपक्ष्यांना येथे अन्न आणि आसरा मिळू लागला. १९८६ मध्ये हा प्रदेश अभयारण्य झाला. १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे झालेल्या करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींची जी यादी ठेवली जाते, तीत याचा समावेश झाल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रातील हे पहिलेच रामसर स्थळ होय.

अशा स्थळी लोक येणारच, आणि त्यांनी यावे हेही इष्ट आहे. कारण जे पाहिले नाही त्याच्या रक्षणाची आस्था सहसा उत्पन्न होत नाही. तथापि येणाऱ्यांसाठी बांधलेली इमारतच पक्ष्यांना पळवून लावील, तर तिचे प्रयोजन उरत नाही. म्हणून माहितीगृहाचा आराखडा हा केवळ सुंदर दिसण्याचा प्रश्न नाही. इमारतीला गवताचे छप्पर घातले व भिंतीस मातीचा रंग दिला म्हणजे ती निसर्गाशी एकरूप झाली, असे नव्हे. पाणी, माती, प्रकाश आणि प्राणी यांच्या नित्यक्रमात ती किती कमी ढवळाढवळ करते, यावर तिची परीक्षा होते.

पाण्याची रेषा

पाणथळीचा काठ ही स्थिर रेषा नसते. नांदूर मध्यमेश्वर येथील पाणी पावसाळ्यात पुराने चढते. पुढे वरच्या धरणांतून पाणी सोडले जाते व कालव्यांची आवर्तने सुरू होतात, त्यांनुसार ते चढते-उतरते. पाणी ओसरले की जो चिखल उघडा पडतो, तोच चिखलपक्ष्यांचे अन्नक्षेत्र असतो. उन्हाळ्यात कोरडी व रिकामी दिसणारी ही पट्टी बांधकामास सोयीची वाटते, परंतु ती वस्तुतः पाणथळीचाच भाग आहे.

भारत सरकारच्या २०१७ च्या पाणथळविषयक नियमांत एक उपयुक्त माप दिले आहे. गेल्या दहा वर्षांतील पूररेषांची सरासरी काढून तिच्यापासून ५० मीटरांच्या आत, होडीचा धक्का वगळता, कायम स्वरूपाचे बांधकाम करू नये, असे ते माप होय. अभयारण्यांना वन्यजीवांचा स्वतंत्र कायदा लागू असतो. तरीही कोणत्याही आराखड्याची पहिली रेघ ओढण्यापूर्वी ही मोजणी करणे शहाणपणाचे ठरते. मुख्य इमारत व वाहनतळ या रेषेच्या बरेच बाहेर ठेवावेत. तेथून पुढे पायवाट असावी. आणि ती जेथे ओलसर भूमीवरून जाते, तेथे भराव न घालता खांबांवर उचललेली असावी. भरावाने पाण्याची वाट अडते. खांबांमधून ते मोकळे वाहते.

मातीचा स्वभाव

गोदावरीकाठची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. अशा मातीवर उथळ पाया घातल्यास भिंतींना तडे जातात. हे फुगणे-आकसणे सर्वसाधारणपणे वरच्या ३.५ मीटरांपर्यंत घडते. म्हणून तळाशी कंदासारखे फुगीर केलेले काँक्रीटचे खांब याहून खाली नेऊन त्यांवर इमारत तोलण्याची पद्धत रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केली. पाणथळीच्या काठी तिचा आणखी एक लाभ असा, की मोठे खोदकाम व भराव टळतो.

प्रकाश आणि आडोसा

पक्षी पाहणाऱ्याच्या पाठीशी सूर्य असावा, हा साधा नियम आहे. डिसेंबरच्या अखेरीस नांदूर मध्यमेश्वर येथे मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर असतो. म्हणून निरीक्षणगृह दक्षिण काठावर, उत्तराभिमुख असेल, तर दिवसाच्या बहुतेक भागात पक्ष्यांवर उजेड पडतो. खिडकीतून थेट ऊन न आल्याने आतला भाग अंधारा राहतो आणि आतील माणसे पक्ष्यांच्या नजरेस येत नाहीत. मोठ्या काचा मात्र टाळाव्यात. काचेत आकाशाचे प्रतिबिंब पडते व उडते पक्षी तिच्यावर आपटतात. त्यापेक्षा लाकडी झडपांची अरुंद फट बरी.

पायवाटेलाही आडोसा हवा. मोकळ्या बांधावरून चालणारा माणूस आकाशाच्या पार्श्वभूमीवर दुरूनच दिसतो आणि थवा उठतो. हिवाळी पाहुण्यांना परतीच्या दीर्घ प्रवासासाठी अंगी चरबी साठवावयाची असते; प्रत्येक व्यर्थ उड्डाण त्या साठ्यातून खर्च होते. इंग्लंडमध्ये स्लिमब्रिज येथे पीटर स्कॉट यांनी १९४६ मध्ये पाणपक्ष्यांचे केंद्र स्थापिले. जंगली हंस लोकांना आडोशामागून न्याहाळता यावेत, अशी व्यवस्था तेथे करण्यात आली. बाभूळ, करंज यांसारख्या स्थानिक झाडाझुडपांची दाट रांग आपल्याकडे हेच कार्य करू शकते.

सांडपाणी आणि रात्र

शौचालयांचे व उपाहारगृहाचे पाणी पाणथळीत झिरपले, तर त्यातील नत्र व स्फुरद यांमुळे जलपर्णी फोफावते. ती पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकते, आणि तिच्याखाली प्रकाश व प्राणवायू यांची उणीव भासते. म्हणून सांडपाणी आधी टाकीत निवळू द्यावे व नंतर कर्दळ किंवा पाणकणीस लावलेल्या खडीच्या वाफ्यातून गाळून घ्यावे. रात्री दिवे अगदी मोजके, जमिनीकडे तोंड केलेले असावेत. कारण उजेडाने कीटक व पक्षी दोघेही वाट चुकतात.

स्वतः पाहण्याचा पाठ

हे नियम एका स्थळापुरते नाहीत. छत्तीसगढचे मैदान तलावांचे आहे. बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदा येथील जुन्या तलावांवरही हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात, आणि २०२१ मध्ये तेथे पक्षिमहोत्सव भरला होता. तेथील शेतकरी ज्या काळ्या मातीला ‘कन्हार’ म्हणतात, तीही फुगते व भेगाळते. रायपूरजवळच्या बीरगांव या औद्योगिक वस्तीतील विद्यार्थ्यालाही हा अभ्यास आपल्या परिसरातील एखाद्या तलावावर करता येईल. काठापासून दूरवर ओळीने खुंट्या रोवाव्यात. दर महिन्यास पाणी कोणत्या खुंटीपर्यंत आले, तेथे कोणते पक्षी दिसले आणि किती पावलांवर ते उडाले, याची नोंद वहीत करावी. वर्ष पूर्ण झाले म्हणजे इमारत कोठे असावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोठे नसावी, हे त्या वहीवरूनच कळून येईल.