कागदावरचे उणे चिन्ह

आमच्या आळीत एक सून आहे. तिचे पहिले बाळंतपण सुखरूप झाले. मुलगा गुटगुटीत. दुसरे मूल मात्र फिकट जन्मले आणि दिवस मावळायच्या आत हळदीसारखे पिवळे झाले. तिसऱ्या दिवशी गेले. लोक म्हणाले, दृष्ट लागली. सासू म्हणाली, हिचा पायगुण. मी गप्प बसलो. तीस वर्षे शाळा चालवली, पण खरे कारण मलाही ठाऊक नव्हते.

कारण रक्तात होते. रक्ततपासणीच्या कागदावर ए, बी, एबी किंवा ओ असे लिहिलेले असते. त्यापुढे अधिक (+) किंवा उणे (−) चिन्ह असते. उण्याला दवाखान्यात 'निगेटिव्ह' म्हणतात. आपल्या देशात शंभरात सुमारे पाच माणसांचे रक्त असे असते. हा रोग नव्हे, की बाईचा दोषही नव्हे.

आई उणे आणि बाप अधिक असला, तर मूल अधिक रक्ताचे होऊ शकते. बाळंत होताना मुलाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. घरात साप शिरला की आपण काठी घेतो ना, तसे आईचे शरीर या परक्या रक्ताविरुद्ध हत्यारे तयार करते. तोवर पहिले मूल बाहेर आलेले असते, म्हणून ते बहुधा वाचते. पण हत्यारे आईच्या अंगात राहतात. पुढचे मूल अधिक रक्ताचे असले, तर ती वारेतून त्याच्यापर्यंत जातात आणि त्याचे रक्त नासवतात.

यावर अँटी-डी नावाचे इंजेक्शन आहे. ते १९६८ सालापासून वापरात आले. सातव्या महिन्यात एकदा देतात. बाळंत झाल्यावर नर्सबाई नाळेतले रक्त तपासायला पाठवतात. मूल अधिक निघाले, तर ७२ तासांच्या आत आईला पुन्हा टोचतात. गर्भ पडला किंवा पोटाला मार बसला, तरीही लगेच दवाखाना गाठावा. पुष्कळ बाया इथेच चुकतात, लाजून घरी बसतात. एकदा हत्यारे तयार झाली, की इंजेक्शनाचा उपयोग होत नाही.

मुलाचा रंग उजेडात पाहावा. पहिल्याच दिवशी डोळे किंवा अंग पिवळे दिसले, तर उन्हात धरून बसू नये. तडक डॉक्टरांना दाखवावे. अंगावर पाजणे चालू ठेवावे.

ती सून आता आपल्या रात्रीच्या वर्गात येते. यंदा तिची धाकटी बहीण बाळंत झाली. तिचा कागद सुनेनेच वाचला. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, "बाई, हिला ते इंजेक्शन दिलं का?"

राहून गेले होते. दुपारी दिले.