एक वाफा भुकेल्यांसाठी



ताटात अन्न टाकू नये, हे आपल्याकडे घरोघरी शिकवले जाते. तरीही २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. त्यातले निम्म्याहून अधिक घरांमधूनच गेले. म्हणजे भुकेचा प्रश्न जितका पिकवण्याचा, तितकाच पोहोचवण्याचाही आहे. हे काम सामान्य माणसांनी कसे केले, ते या पाठात पाहू.

अमेरिकेत फीनिक्स नावाचे शहर आहे. तेथे जॉन व्हॅन हेंगेल हे गृहस्थ गरिबांच्या भोजनालयात स्वयंसेवक होते. बागांमध्ये झाडांखाली पडून राहिलेली संत्री-लिंबे गोळा करून ते तेथे आणीत. एक गरीब आई दुकानांच्या कचरापेटीतून मुलांसाठी अन्न वेचत असे. तिने त्यांना सुचवले की, पैसे ठेवायला बँक असते, तशी अन्नासाठीही एखादी जागा हवी. व्हॅन हेंगेल यांनी ही गोष्ट मनावर घेतली. सेंट मेरी चर्चने एक बंद पडलेली बेकरी आणि ३,००० डॉलर उसने दिले आणि १९६७ मध्ये पहिली ‘अन्न बँक’ सुरू झाली. पहिल्याच वर्षी तिने सुमारे सव्वा लाख किलो अन्न वाटले. पुढे ही कल्पना देशोदेशी गेली. मूळ सूचना एका भुकेल्या आईची होती, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

दुसरे उदाहरण पोस्टमनांचे. १९९३ पासून तेथील पोस्टमन मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी देशव्यापी मोहीम चालवतात. लोक टिकाऊ अन्नाची पिशवी टपालपेटीपाशी ठेवतात आणि पोस्टमन टपाल देता देता ती उचलून अन्न बँकेत पोहोचवतात. पहिल्या वर्षी एका दिवसात सुमारे ५० लाख किलो अन्न जमा झाले. त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागली नाही, रोजचाच रस्ता कामी आला.

तिसरे उदाहरण बागेचे. अलास्का प्रांतातील अँकरेज शहरात जेफ लोवेनफेल्स वृत्तपत्रात बागकामावर सदर लिहीत. १९९५ मध्ये त्यांनी वाचकांना विनंती केली : आपल्या बागेत भाजीची एक जादा ओळ लावा आणि ती गावातील गरिबांच्या भोजनालयाला द्या. ही साधी विनंती पुढे देशभरची मोहीम बनली.

आपल्याला हे नवे वाटू नये. माधुकरी मागून, वार लावून जेवून शिकलेल्या मराठी विद्यार्थ्यांच्या कथा आपल्या आजी-आजोबांनी ऐकलेल्या आहेत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. कोणा एकावर भार नाही आणि मूल उपाशी नाही. इंदूरच्या आपणा लोकांना तर अहिल्याबाई होळकरांच्या अन्नछत्रांची आठवण करून द्यायलाच नको.

आता कोणी विचारेल, सरकार धान्य देते, मग हे कशाला? प्रश्न योग्य आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला. तो हक्क आहे, उपकार नव्हे, आणि स्वयंसेवक त्याची जागा घेऊ शकत नाहीत. परंतु या ५ किलोंत गहू, तांदूळ किंवा भरड धान्य असते. मेथी, पालक नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ६ ते ५९ महिने वयाच्या १०० पैकी ६७ बालकांत रक्ताल्पता आढळली. पोट भरते, पण पोषण होत नाही, अशी ही भूक आहे. रक्ताल्पतेची कारणे अनेक आहेत, पण ताटातली भाजी हा उपायाचा एक भाग आहे.

म्हणून आमचा प्रस्ताव असा : पाण्याच्या टाकीमागची मोकळी जागा वाहने उभी करण्यासाठी द्यावी, अशी मागणी आहे. वाहनांची अडचण आम्ही जाणतो. तरीही त्यातील निम्मी जागा भाजीच्या वाफ्यांसाठी राखावी, अशी विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे. दसऱ्यानंतर पेरलेली मेथी महिन्याभरात आणि मुळा दीड महिन्यात हाती येतो. भाजी वस्तीतील अंगणवाडीला दिली जाईल. पालकांनी महिन्यातून एकदा कोरडे धान्य किंवा डाळ पाठवावी; शिजवलेले अन्न लवकर बिघडते, म्हणून ते तूर्त नको.

तीन नियम मात्र पाळावेत. जे आपल्या घरी खाणार नाही, ते देऊ नये. पाकिटावरची तारीख पाहावी. घेणाऱ्याचा फोटो काढू नये व नाव विचारू नये. आपल्याच वर्गातील एखादे मूल रिकाम्या डब्याने येत असेल. त्याला मान खाली घालावी लागली, तर आपले देणे व्यर्थ आहे.

अभ्यासासाठी :
१. घरात आठवडाभरात टाकलेले अन्न रोज वजन करून वहीत लिहा.
२. वार लावून जेवण्याची पद्धत आजी-आजोबांना विचारा व दहा ओळी लिहा.
३. पोस्टमनांप्रमाणे आपल्या रोजच्या रस्त्यावर आपण काय पोहोचवू शकतो?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पालकांनीही लिहावे, ही विनंती.

— प्राचार्य