दोन्ही चाकं एका उंचीवर

बाळा, गाडीच्या पुढून धप-धप आवाज येतोय आणि गॅरेजवाल्याने शॉकअप बदलायला सांगितलेत, असं तू फोनवर म्हणालीस. थोडी थांब. शॉकअपवर पैसे घालायच्या आधी बारचे बुश बघ. जुन्या गाडीत हा आवाज बऱ्याचदा तिथूनच येतो. दोन रबरी तुकडे झिजलेले असतात आणि लोक हजारो रुपयांचे शॉकअप टाकून घरी येतात. आवाज होता तिथेच राहतो, वर गाडीवरचा विश्वास उडतो.

आधी हा बार काय करतो ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. पुढच्या दोन चाकांना जोडणारा, दोन्ही टोकांना वाकवलेला, स्प्रिंगच्या पोलादाचा एक दांडा गाडीखाली आडवा असतो. पुस्तकात त्याला स्टॅबिलायझर बार किंवा अँटी-रोल बार म्हणतात, गॅरेजमधली पोरं बॅलन्स रॉड म्हणतात. दोन्ही चाकं एकदम वर-खाली झाली तर तो आपल्या बुशांत नुसता फिरतो, जोर काही लावत नाही. एकच चाक उचललं गेलं, किंवा वळणावर गाडी एका अंगाला कलली, की तो पिळला जातो. पीळ सोडवायला तो धडपडतो आणि त्या जोराने गाडी सपाट राहते. त्याचा मधला भाग बॉडीला धरून ठेवायला दोन डी आकाराचे रबरी बुश असतात, प्रत्येकावर एक लोखंडी क्लॅम्प आणि बोल्ट. एवढंच.

रबर झिजलं की दांडा आधी त्या फटीत मोकळा हलतो, क्लॅम्पवर आपटतो आणि मग पीळ घ्यायला लागतो. तू ऐकतेस तो धप हाच. पण मला आवाजाची एवढी काळजी नाही. साताऱ्याहून येताना खंबाटकीचा बोगदा ओलांडला की ते एस-वळण लागतं ना, तिथे गाडी एका बाजूला टेकते न टेकते तोच दुसऱ्या बाजूला टाकावी लागते. बुश सैल असले की गाडी आधी कलते आणि मग सावरते. मधला तो क्षण स्टिअरिंग पोकळ वाटतं. भरलेली गाडी, ओला रस्ता, शेजारी ट्रक असताना तो क्षण मला परवडत नाही. म्हणून हे काम लांबवू नकोस.

आता आवाज शोध. सोसायटीच्या आतला स्पीडब्रेकर घे. काचा खाली, एसी बंद, गाडी अगदी हळू. पहिल्यांदा सरळ जा. दोन्ही चाकं एकदम चढतील, बार नुसता फिरेल, आवाज कमी येईल. मग त्याच स्पीडब्रेकरवरून तिरकी ने. एक चाक आधी चढेल, बार पिळला जाईल आणि बुश गेले असतील तर धप स्पष्ट ऐकू येईल. तिरक्यात आवाज आणि सरळमध्ये जवळजवळ नाही, तर बारच्या बुशांवर आणि लिंक रॉडवर संशय घे. दोन्ही वेळा सारखाच आवाज आला तर मात्र शॉकअपचं वरचं माउंटिंग, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट तपासायला सांग. गॅरेजवाला तेव्हा बरोबर असू शकतो. डी-बुशाचा आवाज जाड, दबका. बारच्या टोकाला लिंक रॉड असतात, त्यांचे बॉल जॉइंट गेले की बारीक, कोरडी टक-टक येते. आणि कुई-कुई करणारा आवाज गाडी धुतल्यावर किंवा पावसात थांबत असेल आणि वाळल्यावर परत येत असेल, तर ते कोरडं पडलेलं रबर दांड्यावर घासतंय.

मग टॉर्च घेऊन खाली बघ. क्लॅम्पच्या कडेला दांड्यावर नीट प्रकाश पाड. एरवी दांडा रंगाने काळा किंवा गंजाने तपकिरी असतो, पण खराब बुशाशेजारी बोटभर जागा घासून चकचकीत झालेली दिसते आणि तिथेच खाली काळी भुकटी धरलेली असते. बुशाचं भोक गोल न राहता लांबट झालेलं असतं. दांडा हाताने धरून खाली-वर हलवून बघ, नाहीतर टॉमीने अलगद उचल. रबर दबलं तर ठीक, ते दबतंच. पण दांडा रबर सोडून हलला तर बुशाचं आयुष्य संपलं. गाडी कमी चालली आहे म्हणून बुश चांगले असतील, असंही धरू नकोस. उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी रबर उभ्या गाडीतही कडक होऊन तडकतं. कोकणातल्या गाड्यांत लाल माती फटीत शिरते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते.

एक गोष्ट हमखास सुटते. एका बाजूचा बुश मऊ, चिकट, फुगलेला दिसला तर वर बघ. इंजिनाच्या चेंबरमधून किंवा पॉवर स्टिअरिंगच्या पाइपातून तेल गळत असेल. गळती तशीच ठेवून नवा बुश घातलास तर तोही तसाच फुगणार. आधी पॅकिंग, मग बुश.

सामान आणताना मॉडेल आणि साल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या प्रकारांत बारची जाडी वेगळी असू शकते, कारण थोड्याशा जाडीनेही खूप फरक पडतो. दांडा १० टक्क्यांनी जाड केला की पिळाला त्याचा विरोध जवळजवळ दीडपट होतो, म्हणून कंपन्या एक-दोन मिलिमीटरचेच बदल करतात. तेव्हा बुश बसतो त्या जागेजवळ, पण न झिजलेल्या भागावर व्हर्नियरने जाडी मोज आणि तो आकडा घेऊन नाना पेठेत जा. शक्य असेल तर कंपनीचा पार्ट नंबर घे. रबर हातात घेऊन थोडं वाकव. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला माल असेल तर वाकवल्यावर केसाएवढ्या भेगा उघडतात. पॉलियुरेथेनचे रंगीत बुश कोणी गळ्यात मारेल. ते टिकतात हे खरं, पण रस्त्याचे दणके जास्त आत येतात आणि त्यांना त्यांचं ठरलेलं सिलिकॉन ग्रीस लागतं, नाहीतर ते जन्मभर कुरकुरतात. घरच्या गाडीला कंपनीचं रबरच बरं. आणि बुश नेहमी जोडीने बदलायचे. एक नवा, एक जुना असा हिशोब नको.

आदल्या संध्याकाळी बोल्टांवर गंज सोडवायचा स्प्रे मार, वायर ब्रशने आटे साफ कर, पुन्हा मार आणि रात्रभर राहू दे. सकाळी सहा कोनी सॉकेट लाव, बारा कोनी नको, गंजलेल्या बोल्टचं डोकं त्याने गोल होतं. हटत नसेल तर आधी किंचित घट्ट करून बघ. गंजाची पकड तुटली की कट् असा आवाज येतो, मग उलटं फिरव. दोन आटे सोड, एक आटा परत आवळ, पुन्हा स्प्रे, असं करत काढ. पान्याला लांब पाइप लावून एका झटक्यात काढायची घाई केलीस आणि बोल्ट आत तुटला, तर अर्ध्या तासाच्या कामाला ड्रिल आणि नवे आटे पाडायचं काम लागेल.

आता मुख्य मंत्र. गाडी उचलायचीच असेल तर दोन्ही पुढची चाकं एका उंचीवर हवीत. दोन्ही जमिनीवर किंवा रॅम्पवर, नाहीतर दोन्ही सारखी लोंबकळती. एकाच बाजूला जॅक लावून बोल्ट सोडलेस तर बार पिळलेला असतो. शेवटचा बोल्ट सुटताच क्लॅम्प झटक्यात निसटतो, बोटं सापडतात, आणि परत बसवताना बोल्ट आणि भोक काही केल्या जुळत नाहीत. लोक मग टॉमीने दांडा रेटतात, बोल्ट तिरका घालतात, आटे मारून टाकतात आणि बुशाला शिव्या देतात. दोष बुशाचा नसतो, बारला आराम दिलेला नसतो. दोन्ही चाकं सारखी ठेवलीस की दांडा हाताने खाली घेता येतो, नवा बुश बोटांनी बसतो.

आणि गाडीखाली जाताना डिकीतल्या जॅकवर जीव टाकायचा नाही. तो चाक बदलण्यापुरता. सपाट, कडक जमीन, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक, आणि पुढे दोन्ही बाजूंना पक्के स्टँड. स्टँड लावल्यावर बाहेरूनच गाडी जोरात हलवून बघ. विटांवर गाडी कधीच ठेवायची नाही, वीट न सांगता फुटते. यात मी तुझं काही ऐकून घेणार नाही.

क्लॅम्प काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढ. बुशाला एका बाजूला चीर असते. ती पुढे होती की मागे, सपाट बाजू कुठे होती, हे पाहून नवा तसाच बसव. नव्या बुशाला चीर नसेल तर ब्लेडने पाडू नकोस. तो बारच्या टोकाकडून सरकवायचा असतो. काही अलीकडच्या गाड्यांत बुश बारलाच चिकटवलेला येतो, तिथे वेगळं काही करता येत नाही, पूर्ण बारच बदलावा लागतो.

जुना बुश निघाला की दांड्याची ती जागा पॉलिश पेपरने हाताला गुळगुळीत लागेपर्यंत घास आणि कोरड्या फडक्याने पूस. गंजाचे खडबडीत खड्डे तसेच राहिले तर नवं रबर आतून कापलं जाईल. सगळे हे टाळतात आणि मग ‘नवे बुशही टिकत नाहीत’ म्हणतात. क्लॅम्पच्या आतला गंजही खरवड. बसवायला साबणाचं पाणी पुरतं. साधं ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल रबराला लावायचं नाही. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

चारही बोल्ट आधी हाताने आट्यात धरव, मग एकाआड एक अर्धे आवळ. गाडी खाली घे, दोन-चार वेळा पुढे-मागे कर, म्हणजे सगळं आपापल्या जागी बसेल. मग चाकांवर वजन असताना सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा बघून टॉर्क पान्याने शेवटचं आवळ. लिंक रॉड सोडावा लागला तर त्याच्या पिनच्या टोकाला ॲलन की लावून ती धर आणि नट फिरव, नाहीतर पिन गोल-गोल फिरत राहील. लॉक नट पुन्हा तोच वापरू नकोस. चारशे-पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट एकदा तपास. एवढ्या कामाला व्हील अलाइनमेंट लागत नाही, कोणी सांगितलं तरी.

हे जमलं की तुझा हात आजोबांच्या मारुती ८००कडे वळणार, मला माहीत आहे. तिथे थांब. त्या गाडीत, आणि त्या काळच्या मारुतीच्या इतर छोट्या गाड्यांत, बारचं टोक थेट लोअर आर्ममधून जातं आणि पुढे कॅसल नट व स्प्लिट पिनने बांधलेलं असतं. तिथे बार फक्त कलणं थांबवत नाही, चाकाला पुढे-मागे सरकण्यापासूनही तोच धरून ठेवतो. म्हणून टोकाचे बुश गेले की ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते, आणि ते बदलले की अलाइनमेंट करावीच लागते. स्प्लिट पिन विसरली तर चाकाचा आधारच जाऊ शकतो. त्या गाडीचं काम मी दिवाळीत आलो की दोघं मिळून करू. तोवर बुशांचा पूर्ण सेट आणि दोन नव्या स्प्लिट पिना आणून ठेव.