वीणेवरील रंग

मुलांनो, अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या काठी भंडारदरा हे गाव वसलेले आहे. या अकोले तालुक्यात गावोगावी हरिनाम सप्ताह बसतो, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. सप्ताहाचे सात दिवस वीणा भूमीवर ठेवीत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते व पहारा रात्रंदिवस चालू राहतो. इतक्या हातांतून फिरणाऱ्या वाद्याचा रंग झिजावा, यात नवल ते काय? मग सप्ताह जवळ आला, की कोणी भाविक तैलरंगाचा डबा आणतो आणि वीणेला तांबडा अथवा पिवळा हात देतो. काही वर्षांनी पुन्हा एक हात. असे थरावर थर बसत गेले, म्हणजे वीणा दिसते नवी. परंतु तिचा आवाज मात्र बसू लागतो.

असे का होते? वीणेचे पोट पोकळ असते आणि त्याच्या तोंडावर पातळ लाकडाची तबली बसवलेली असते. तार छेडली, की तिचा कंप घोडीवाटे तबलीत उतरतो व तबली आपल्याबरोबर पोटातील हवेलाही हलविते. तबलीवर रंगाचे जाड पुट चढले, म्हणजे ती जड होते आणि कंप लवकर विरतो. ओल्या घोंगडीखाली टाळ वाजवून पाहा, म्हणजे हे सहज ध्यानात येईल.

सगळ्याच वाद्यांचे असे नसते. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने १९५१ साली विजेवर चालणारी बास गिटार बाजारात आणली. तिचे अंग म्हणजे भरीव लाकडी फळीच होय. तारांचा कंप लोहचुंबक व तारेचे वेटोळे यांच्या साहाय्याने विजेत उतरतो आणि आवाज बाहेरच्या कर्ण्यातून निघतो. म्हणून तिच्यावर काचेसारखा कठीण रासायनिक लेप दिला, तरी फारसे बिघडत नाही. तोच लेप वीणेला दिला, तर तिचा गळा दाबल्यासारखे होईल.

तंतुवाद्यांच्या कामात मिरज शहराचे नाव मोठे आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील फरीदसाहेब शिकलगार यांनी शस्त्रांना धार लावण्याचा पिढीजात धंदा सोडून सतार व तंबोरे घडविण्यास आरंभ केला. त्यांच्या वंशजांना पुढे लोक सतारमेकर म्हणू लागले. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हे कारागीर लाकडाला झळाळी आणण्यासाठी पूर्वापार लाख वापरीत आले आहेत. पळस, कुसुम व बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बारीक किडे राहतात. त्यांच्या अंगातून पाझरणारा रस वाळला, की त्याची लाख होते. पांडवांसाठी कौरवांनी बांधविलेले घर याच लाखेचे होते. ती शुद्ध करून तिचे पातळ पापुद्रे काढले, म्हणजे झाली चपडी. आणि चपडी स्पिरिटमध्ये विरघळविली, म्हणजे झाले पॉलिश.

लाखेचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. नवा हात जुन्या हाताला किंचित विरघळवून त्यात मिसळून जातो. म्हणून वीणेवर मुळातील लाख शाबूत असेल, तर ती मुळीच खरवडू नये; मऊ फडक्याने मळ काढून वरून एक पातळ हात दिला, की पुरे. लाख आहे की तैलरंग, हे कसे ओळखावे? खुंटीजवळच्या झाकलेल्या जागी कापसाच्या बोळ्याने थोडे स्पिरिट लावावे. पृष्ठभाग चिकट झाला, तर लाख. नाही झाला, तर दुसरे काही.

तैलरंग मात्र काढावाच लागतो, आणि येथेच घाईने नाश होतो. सुतार जुन्या दारांचा रंग कॉस्टिक सोड्याने धुतात किंवा ज्योतीने भाजून काढतात. वीणेचे सांधे सरसाने जोडलेले असतील, तर पाणी व उष्णता या दोहोंनी ते सैल होतात. म्हणून तारा हळूहळू उतरवून, खुंट्यांवर खुणा करून, पोलादी पातळ पात्याने रंग थोडा थोडा खरवडावा. जुन्या तैलरंगात शिशाचे विष असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा आली ती २०१७ सालीच. तेव्हा हे काम मोठ्या माणसांनी नाकातोंडावर मुखपट्टी बांधून मोकळ्या हवेत करावे व मुलांनी दूर राहावे. लाकूड दिसू लागले, की पॉलिशपेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा; प्रथम १२० क्रमांकाचा, मग २२० चा, शेवटी ३२० चा. तबलीवर तर हात अगदी हलका हवा. रंग पुन्हा देता येतो. झिजविलेली तबली पुन्हा जाड होत नाही. बुडाशी बोटभर जागा जुन्या रंगासह तशीच ठेवावी, म्हणजे पूर्वी कोणकोणते रंग होते ते पुढच्यांना कळेल.

आता पॉलिश. मऊ फडक्यात कापूस गुंडाळून गादी करावी आणि पातळ हातामागून पातळ हात द्यावा. गादी अडकू लागली, तर जवसाच्या तेलाचा एखादाच थेंब लावावा. स्पिरिट लगेच पेट घेते, म्हणून जवळ समई वा विडी नसावी. भंडारदऱ्यास आणखी एक अडचण आहे, ती पावसाची. घाटघर-रतनवाडीच्या बाजूस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील पाणी त्यावर जमते आणि लाखेवर दुधासारखी पांढरी झाक येते. सप्ताह श्रावणात असला, तरी पॉलिशचे काम वैशाखातच उरकले पाहिजे.

शेवटच्या हातानंतर आठवडाभर वीणा सावलीत टांगून ठेवावी. मग घोडी जागेवर बसवून तारा चढवाव्यात. पहिल्या दिवशी निम्म्या ताणाच्या, दुसऱ्या दिवशी थोड्या अधिक, आणि तिसऱ्या दिवशी सुरात.